कोइंबतूरच्या गलाईवाल्या काकांना, सगळ्या 'नाही'बद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा टाकू का" म्हणून विषयच संपवता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. मोबाईलवर एवढं लांबलचक वाचायचा तुम्हाला कंटाळा आहे ते माहितीय, सूनबाई वाचून दाखवतील. तुमच्या नातवालापण जवळ बसवा, मराठी वाचता येत नसलं तरी ऐकू दे त्याला.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आम्ही कोल्हापूरचे. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता, तिथनं कोइंबतूरला एका पंपाच्या कंपनीत नोकरी लागली. पंप आणि कास्टिंगच्या लाईनमधल्या माणसाला कोइंबतूर नवीन नाही, पण ते झालं त्याचं. मला आणि सासूबाईंना तमिळनाडू म्हणजे टीव्हीत दिसतं तेवढंच माहीत. सगळे घाबरवतच होते, तिकडं हिंदीपण चालत नाही, पोरांचं काय करणार, म्हातारीचं काय करणार. मग माझ्या भावाच्या मेव्हण्यानं तुमचा नंबर दिला. तो विट्याकडचा. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात कुणालाही विचारा, घरातलं नाहीतर भावकीतलं कोणतरी गलाईच्या धंद्यात दक्षिणेत असतंच. पाऊस नाही, शेतीत भागत नाही म्हणून ही माणसं सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली आणि सराफांच्या गल्लीगल्लीत भट्ट्या टाकून बसली, जुने दागिने गाळून शुद्ध करायचे, सोनाराच्या कारखान्यातला झाडून काढलेला केरसुद्धा आणून त्यातनं सोनं काढायचं. इकडं येईपर्यंत मला यातलं एवढं काही माहीत नव्हतं, जिल्हा शेजारचा असून.

तर मला वाटलेलं, आपल्याकडचा माणूस आहे, आपल्याच लोकांत एखादं घर बघून देईल, सासूबाईंना बोलायला बायका मिळतील, आपलं निभेल. आणि पहिल्याच फोनवर तुम्ही काय म्हणालात, "आमच्यात राहू नका." मी गारच पडले. तुमचं म्हणणं असं की आम्ही सराफांच्या राजा स्ट्रीटच्या मागं राहतो कारण आमची भट्टी तिथं आहे, तुम्हाला काय कारण आहे, मराठीत राहिलात तर दहा वर्षांनी पण भाजीवाल्याशी बोटं दाखवून बोलाल, कंपनीच्या जवळ तमिळ शेजारात घर घ्या. खरं सांगू का काका, फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, ह्यांना आपली ब्याद नकोय, दुसरा कोणतरी बघ.

पण घरं बघायला आलो तेव्हा भट्टी सोडून तुम्ही स्कूटरवर हजर. आणि परत तेच, नाही. पहिलं घर मला जाम आवडलेलं, मोठ्ठं स्वयंपाकघर, गॅलरी. तुम्ही आत पण आला नाहीत धड, बाहेर नळ सोडलात, चूळ भरलीत आणि थुंकून मोकळे. सगळं बोअरचं खारं पाणी. इथं घरात दोन पाणी असतात, बोअरचं वापरायला आणि कॉर्पोरेशनचं प्यायला, आणि ज्या भागात शिरुवाणी धरणाचं येतं तिथली माणसं त्या पाण्याची चव अशी सांगतात की आपण पंचगंगेचं पण सांगणार नाही. ते किती दिवसाआड येतं, टाकी केवढी, हे घरमालकाला नाही तर शेजारच्या बाईला विचारायचं, हे तुम्ही शिकवलंत. दुसरं घर लाईटच्या मीटरवरनं गेलं. तमिळनाडूत बिल दोन महिन्यांनी येतं आणि पहिली १०० युनिटं फुकट असतात, पण मीटर स्वतंत्र असेल तर, मालकानं सबमीटर लावून सगळ्या युनिटांना सपाट रेट लावला की गेलं तुमचं फुकट. मला हे कोण सांगणार होतं, ब्रोकर? तो तर मला पाणीटंचाईच्या दिवसांत टँकर लगेच येतो हा प्लस पॉइंट म्हणून सांगत होता.

आणि अ‍ॅडव्हान्स. आपल्याकडं डिपॉझिट, इकडं अ‍ॅडव्हान्स म्हणतात, आणि दहा-दहा महिन्यांचं भाडं सहज मागतात. इथल्या २०१७ च्या भाडेकरू कायद्यात वेगळा करार नसेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं असं लिहिलंय, पण करार करून घेतात की वेगळा. तुम्ही त्या मालकाच्या घरी चांगले तासभर बसलात, तमिळमधे काय बोललात मला काही कळलं नाही, मधे मधे दोघं हसत होता, मला वाटलं गप्पाच मारायलेत. उठताना दहाचे पाच महिने झालेले. पाच पण जास्तच, पण ठीक आहे. वर तुम्ही म्हणालात करारात नवरा-बायको दोघांची नावं घाला आणि पैसे बँकेतनं द्या, रोख एक रुपया नाही. पुढं पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद आम्हा दोघांना कामाला आला, तेव्हा कळलं.

आमच्या ट्रकची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. सामान निघालं कोल्हापुरातनं, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत बेंगळुरू, तिथनं होसूर, सेलम, जवळजवळ हजार किलोमीटर. आम्ही मिरजेतनं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला आलो, पुढची गाडी पकडून इकडं पोचलो, तर सेलमच्या अलीकडनं ड्रायव्हरचा फोन, राज्य बदललं, ई-वे बिल (माल न्यायचा जीएसटीचा कागद) नाही, साहेबांनी गाडी अडवलीय, इतके इतके पैसे टाका. नवरा टाकणारच होता. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, त्याला सांग साहेबाला फोन दे, मी बोलतो." साहेब काही फोनवर आलाच नाही, गाडी आपोआप सुटली. सोन्याचांदीच्या धंद्यातल्या माणसाला असले नियम पाठ असतात हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. आणि सामान उतरवून लिस्टप्रमाणं मोजून झाल्याशिवाय बाकीचे पैसे द्यायचे नाहीत हे तर तुम्ही कोल्हापुरात असतानाच बजावलेलं, त्यामुळं मिक्सरचा खोका ड्रायव्हरच्या सीटमागं 'सापडला'.

गॅस, गाडी हे पटपट सांगते, कुणाला उपयोग होईल म्हणून. सिलिंडर-रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घेऊन या, त्यावर इथं कनेक्शन मिळतं. एमएच ०९ ची मोटरसायकल आणायची तर निघायच्या आधीच आरटीओची एनओसी काढा, वर्षाच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो. हे पण सगळं काकांनीच सांगितलेलं.

शाळेवरनं मात्र आपलं जवळजवळ भांडणच झालं. मला अशी शाळा हवी होती जिथं हिंदी जोरात असेल, म्हणजे पोरगी बावरणार नाही. तुम्ही परत नाही. घराजवळच्या शाळेत घाला, तमिळ शिकायचंच आहे इथं दहावीपर्यंत, ते लांबवून काय मिळणार. आणि दाखला निघतानाच इंग्रजीत मागा, वर शिक्षणाधिकाऱ्यांची सही-शिक्का घ्या, नाहीतर इथनं परत पाठवतील. आमच्या पुढच्या महिन्यात आलेल्या एका कुटुंबाला खरंच पाठवलं, बिचारा बाप नुसत्या एका शिक्क्यासाठी गावी जाऊन आला. पोरगी पहिले काही आठवडे रडली, खोटं कशाला सांगू. मग शेजारच्या कॉलेजातल्या ताईनं तिला अक्षरं शिकवायला घेतलं आणि हिला शोध लागला की क ख ग घ चौघांना एकच अक्षर आहे, म्हणजे पाठ करायला कमी! सगळी मिळून २४७ होतात हे कळल्यावर तो आनंद गेला म्हणा, पण तोवर मैत्रिणी झालेल्या.

आता एका गोष्टीत तुमचं मी ऐकलं नाही ते पण लिहिते. सासूबाईंना पहिलं वर्ष आणू नका म्हणालेलात, करमणार नाही, आजारी पडतील. मी आणलं. आणि काका, आमच्या घरात सगळ्यात आधी तमिळ त्याच बोलायला लागल्या. साध्या टाउन बसला बायकांना तिकीट नाही हे कळल्यापासनं त्या घरात बसतच नाहीत, बसच्या पाट्या तमिळमधे म्हणून तुम्ही नंबर लक्षात ठेवायला सांगितलेलं, त्यांनी वहीत लिहून ठेवलेत. गांधीपुरमला जाऊन ज्वारी शोधून आणली, तिला इकडं चोळम म्हणतात हे पण त्यांनीच दुकानदाराच्या डोक्यावर बसून काढून घेतलं. भाकरी खायला येऊन तुम्हीच "मी हरलो" म्हणालात, ते मी साक्षीदारांसमोर नोंदवून ठेवतेय.

तुम्ही आणि आमचे हे बोलत बसलात की मला मजा येते. तुम्ही म्हणता "तुम्ही टनात ओतता, आम्ही तोळ्यात", आणि मग दोघं मूस, कोळसा, भट्टीचं तापमान असलं काय काय तासभर बोलता, काकू आणि मी आत हसतो. काकूंना वेगळं पत्र लिहायला पाहिजे खरं तर. आम्ही भाड्याच्या घरात गॅसशिवाय होतो तेव्हा दोन्ही वेळचा डबा आला, आणि तो डबा घेऊन शहराच्या त्या टोकाकडनं तुमचा मुलगा यायचा, धंद्याच्या वेळेत. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही.

पैशाचं तर काढायचं नाही असं तुम्ही दम देऊन सांगितलंय, मी काढत नाही. पण पेट्रोलचं तरी घ्यायचं होतं.

पुढच्या महिन्यात ह्यांच्या ओळखीतलं इचलकरंजीचं एक कुटुंब इकडं येतंय, दोन लहान पोरं आहेत. तुमचा नंबर दिलाय, तुम्हाला न विचारता, रागवू नका. त्या बाईनं ऑनलाईन एक घर पसंत करून ठेवलंय, फोटो बघून, लिफ्टवालं. पाण्याचं काय विचारलं तर म्हणाली ते नंतर बघू. मी काही बोलले नाही, म्हटलं तुमच्याकडनंच ऐकू दे.