‘डाउन टू’ला एकच अर्थ पुरत नाही

संपादक महोदय,

इंग्रजी शिकवणाऱ्या सदरांत फ्रेजल व्हर्बपुढे (क्रियापदाला ‘अप’, ‘डाउन’सारखा शब्द जोडून होणाऱ्या प्रयोगापुढे) बहुतेकदा एकच मराठी अर्थ छापलेला असतो. ‘बी डाउन टू’च्या बाबतीत ही काटकसर विद्यार्थ्याला हमखास गोत्यात आणते.

‘द डिले वॉज डाउन टू फॉग’ म्हणजे उशीर धुक्यामुळे झाला. ‘इट्स डाउन टू यू टू लॉक द गेट’ म्हणजे फाटकाला कुलूप लावायची जबाबदारी तुझी. ‘टू’नंतर वस्तू किंवा घटना आली की बहुधा कारण समजावं. माणूस आला तर काळ बघावा: ‘द विन वॉज डाउन टू हर’ म्हणजे जिंकलो ते तिच्यामुळे, इथे घडून गेलेल्याचं कारण; काम पुढे व्हायचं असेल, तर बहुधा जबाबदारी. श्रेय आणि दोष दोन्हींना हा प्रयोग चालतो, हेही सांगायला हवं.

सर्वांत मोठी गफलत क्रमाची. आपण कारण आधी सांगतो, परिणाम मागून. इथे परिणाम कर्त्याच्या जागी बसतो. मराठीच्या सवयीने ‘द फॉग वॉज डाउन टू द डिले’ लिहिलं, तर उशिरामुळे धुकं पडलं असा अर्थ होतो! व्याकरण बिनचूक असल्याने चूक नजरेतूनही सुटते. म्हणून लिहिण्याआधी ‘काय झालं?’ विचारावं आणि ते उत्तर पहिलं ठेवावं.

कारण क्रियेच्या रूपात असेल तर ‘डाउन टू वर्क हार्ड’ नव्हे, ‘डाउन टू वर्किंग हार्ड’. अख्खं वाक्य जोडायचं असेल तर मध्ये ‘द फॅक्ट दॅट’ घालावं. ‘लार्जली’, ‘पार्टली’ हे शब्द ‘डाउन’च्या आधी येतात.

कारण हा आपला अंदाज असेल, तर ‘पुट डाउन टू’ बरं: ‘वी पुट द डिले डाउन टू फॉग’. यात परिणाम ‘पुट’ आणि ‘डाउन’च्या मध्ये येतो, ‘इट’ असेल तर तोही तिथेच.

‘इट्स अप टू यू’शीही गल्लत होते. त्यात सहसा निवडीची मोकळीक असते. ‘डाउन टू यू’ म्हटलं की काम अंगावर पडलेलं असतं. हा प्रयोग मुख्यतः ब्रिटिश आहे. अमेरिकी इंग्रजीत जबाबदारीलाही ‘अप टू’च रूढ आहे.

सदरात जागा कमी असते, हे मान्य. पण दहा क्रियापदांची यादी देण्यापेक्षा तीनच द्यावीत आणि प्रत्येकाच्या दर अर्थाला एक पूर्ण वाक्य छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक इंग्रजी शिक्षिका