कूलिंग कॉइलला दगड कसा लागला, ते लेखी कळवा

प्रति,
प्रमुख, विक्रीपश्चात सेवा विभाग

प्रत : जनरल मॅनेजर (सर्व्हिस), आपले पुण्यातील अधिकृत डीलर

पुणे, दिनांक 14 मे 2025

विषय : वॉरंटी 13 जानेवारी 2026 पर्यंत चालू असताना गाडीच्या एसीच्या कूलिंग कॉइलचा क्लेम 'बाहेरून इजा' म्हणून नाकारल्याबद्दल, आणि त्याआधीच्या हिशेबाबद्दल

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या टोल-फ्री क्रमांकावर 22 मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर चार मिनिटांत एसएमएस आला : 'आपल्या तक्रारीचं यशस्वी निराकरण झालं आहे, कृपया रेटिंग द्या.' एसीतून अजून गरम वाराच येतोय. रेटिंग या पत्रातून देतो.

गाडी 14 जानेवारी 2023 ला ताब्यात मिळाली. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. आज मीटरवर 31,400 आहेत. सगळ्या सर्व्हिस तुमच्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये, वेळेवर, पक्क्या बिलावर झाल्यात. बाहेरून एक वायरही कापून जोडलेली नाही. हे आधीच लिहितो, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

18 मार्चला कूलिंग कमी झाल्याची तक्रार दिली. वर्कशॉपने गॅस काढला, 170 ग्रॅम निघाला. बॉनेटखालच्या स्टिकरवर 430 ग्रॅम लिहिलंय. म्हणजे 260 ग्रॅम गायब. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचं म्हणणं, 'सर, गॅस कन्झ्युमेबल असतो, दोन वर्षांत कमी होतोच.' 2,350 रुपये घेऊन गॅस भरून दिला. तुम्ही गाड्या बनवता, तुम्हाला काय सांगायचं, पण तुमच्या वर्कशॉपला सांगा : एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद सर्किटमध्ये तो फिरत राहतो. दोन वर्षांत निम्म्याहून जास्त गेला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. त्यात गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर जातं. असं दोन-तीनदा केलं की उद्या कॉम्प्रेसर जातो, आणि त्याचं बिल कूलिंग कॉइलपेक्षा मोठं असतं.

22 एप्रिलला पुन्हा तेच. या वेळी 210 ग्रॅम निघाला. 35 दिवसांत 220 ग्रॅम गेला. पुन्हा 2,350 रुपये घेतले, पण या खेपेला कामावर एक जाणता मेकॅनिक होता आणि त्याने काम नीट केलं. गॅसबरोबर यूव्ही डाय, म्हणजे निळ्या टॉर्चखाली चमकून गळती दाखवणारा रंग, सोडली, आठवडाभर गाडी चालवून परत आणायला सांगितली, आणि 29 तारखेला नायट्रोजन भरून प्रेशर लावलं. पुढच्या कंडेन्सरवर, पाइपच्या जोडांवर, सर्व्हिस व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही. मग गाडी लिफ्टवर घेतली आणि डाव्या बाजूला खाली एसीचं पाणी टपकतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडावर निळा टॉर्च मारला. लोंबणारा थेंब हिरवट-पिवळा चमकला. डाय ड्रेन पाइपमधून येते याचा अर्थ गळती डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलला आहे. जॉबकार्डवर त्याने तसं स्वच्छ लिहिलंय. प्रत सोबत जोडली आहे. संपूर्ण प्रकरणात तुमच्या बाजूने बरोबर वागलेला हा एकच माणूस, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमचा काय भरवसा.

क्लेम गेला. 6 मेला नाकारला गेला. शेरा : 'बाहेरून इजा, दगडाचा मार.' कूलिंग कॉइलला. दगडाचा.

यापुढचं संभाषण जसंच्या तसं देतो, कारण ते तुमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये भिंतीवर लावण्याच्या लायकीचं आहे. काल तुमच्या कस्टमर केअरने कॉलवर वर्कशॉपच्या सर्व्हिस मॅनेजरना घेतलं.

'सर, सिस्टिममध्ये रिजेक्ट दाखवतंय. स्टोन हिट.'

'कूलिंग कॉइल कुठे असते?'

'डॅशबोर्डच्या आत, सर.'

'डॅशबोर्ड उघडलात का?'

'नाही सर. अप्रूव्हल आल्याशिवाय उघडता येत नाही.'

'मग दगड कुणी पाहिला?'

थोडा वेळ शांतता. मग, 'सर, ब्लोअरमधून आत जाऊ शकतो.'

'ब्लोअरच्या आणि कॉइलच्या मध्ये काय असतं?'

'केबिन फिल्टर, सर.'

'फिल्टर फाटलाय?'

'लोकल फिल्टर असेल तर सर सांगता येत नाही.'

'फिल्टर 20,000 च्या सर्व्हिसला तुम्हीच बदललाय. तुमच्याच बिलात तिसऱ्या ओळीवर आहे.'

पुन्हा शांतता. मागे कुणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं. मग शेवटचं वाक्य : 'सर, तुम्ही जरा जास्तच टेक्निकल जाताय. नॉर्मल कस्टमर एवढं विचारत नाही.'

महोदय, या वाक्यानंतर पत्रात संयम राखायचं ठरवलं होतं. जमेल तेवढा राखतोय.

दगड आला कुठून, तेही मी शोधलंय, कारण तुमच्या विभागाला वेळ नाही. क्लेमला जोडलेला फोटो मला 9 मेला वर्कशॉपमध्ये स्क्रीनवर दाखवण्यात आला. तो कूलिंग कॉइलचा नाही. तो पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरचा आहे. कंडेन्सरच्या पातळ पात्या खालच्या कोपऱ्यात दोन-तीन ठिकाणी दबल्यात. महामार्गावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दबतात. पाती दबणं म्हणजे गळती नव्हे. गळती व्हायला आतली नळी फुटावी लागते, आणि फुटली तर तिथे तेलकट डाग दिसतो, डाय चमकते, नायट्रोजनला बुडबुडे येतात. यातलं तिथे काहीही नाही, हे तुमच्याच मेकॅनिकने तुमच्याच जॉबकार्डवर लिहिलंय. थोडक्यात, पार्ट नंबर एकाचा, फोटो दुसऱ्याचा. तुमच्या एरिया इंजिनीअरने फोटो पाहिला, दगड पाहिला, रिजेक्ट दाबलं. जॉबकार्ड वाचलंच नाही. वाचलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता उपलब्धतेचं. क्लेम पाठवला तेव्हा पार्ट्स काउंटरने सांगितलं, 'वॉरंटीत कॉइल बॅक ऑर्डरवर आहे, तीन आठवडे धरा.' 6 मेला क्लेम नाकारल्यावर त्याच काउंटरने 31,460 रुपयांचं एस्टिमेट दिलं : कूलिंग कॉइल 14,870, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह 2,640, ओ-रिंग 450, गॅस व तेल 2,900, मजुरी 10,600. पैसे भरणार असाल तर पार्ट शुक्रवारपर्यंत. पार्ट नंबर तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत. वॉरंटीत तीन आठवडे, रोख पैशात तीन दिवस. कूलिंग कॉइलला पैशाचा वास येतो, ही खुबी तुमच्या ब्रोशरमध्ये छापलेली नाही.

कारण काय, तेही उघड आहे. वॉरंटीच्या कामाची मजुरी डीलरला कंपनीकडून मिळते, आणि ती गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या मजुरीपेक्षा कमी असते. त्यात हे काम किचकट : स्टिअरिंग कॉलम खाली घ्यायचा, एअरबॅगची कनेक्शन सोडायची, अख्खा डॅशबोर्ड बाहेर, मग एसीचा डबा. एक मेकॅनिक पूर्ण दिवस अडकतो. डीलरला ते नको असतं, हे मी समजू शकतो. पण तो हिशेब तुम्ही आणि डीलर यांनी आपसात मिटवायचा. वॉरंटीच्या पुस्तिकेवर डीलरची नाही, तुमची सही आहे. काल तुमच्या प्रतिनिधी तीनदा म्हणाल्या, 'सर, डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहेत.' असतील. वॉरंटी स्वतंत्र नाही.

सुरुवातीपासून पद्धत हीच. चांगलं ते छापील, वाईट ते तोंडी. बुकिंग 19 नोव्हेंबर 2022 ला, 21,000 रुपये भरून. वेटिंग आठ आठवडे, 'ॲक्सेसरीज पॅकेज घेतलंत तर दोन आठवडे.' हे तोंडी. मग 1 जानेवारीला 18,000 रुपयांची दरवाढ, आणि 'बिलिंगच्या दिवशीची किंमत लागू' हे बुकिंग फॉर्मच्या मागे, मुंगीच्या अक्षरात. 9,12,000 ची गाडी 9,30,000 ला. त्यावर 11 टक्क्यांनी वाढीव रोड टॅक्स 1,980. एकूण 19,980 रुपये जादा. आणि आरसी हातात आल्यावर उत्पादनाचा महिना दिसला : 11/2022. फॉर्म 22 वर, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावरही तोच. म्हणजे मी बुकिंग केलं त्याच महिन्यात बनलेली गाडी, मला नव्या वर्षाच्या भावाने. पुढे विकताना बाजार ती 2022 चीच धरणार. वेटिंग होतं की गाडी यार्डात उन्हात उभी होती, ते तुमच्या डिस्पॅचच्या तारखेवरून एका मिनिटात कळेल. तेव्हा विचारलं होतं, आता लेखी विचारतो.

हँडलिंग चार्जेस म्हणून 8,500 रुपये साध्या पावतीवर घेतले, ते टॅक्स इनव्हॉइसमध्ये कुठेच नाहीत. इन्शुरन्सचा कोट 41,800. त्याच आयडीव्हीला (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) आणि इंजिन कव्हरसकट, बाहेर 29,300. तीन वर्षांच्या थर्ड पार्टीचे 10,640 रुपये सरकारने ठरवलेले, सगळ्या कंपन्यांना सारखेच. म्हणजे 12,500 चा सगळा फरक उरलेल्या हिश्श्यात भरलेला. बाहेरून घेतो म्हटल्यावर 'मग डिलिव्हरीची तारीख सांगता येणार नाही, सर.' हेसुद्धा तोंडी. ग्राहकाला विमा कुठूनही घेता येतो, हे तुमच्या डीलरला माहीत नसेल असं मी मानत नाही.

किमतीच्या या बाबींना ग्राहक आयोगात दावा लावायची दोन वर्षांची मुदत उलटून गेली, हे तुमच्या वकिलांनी कळवायची तसदी घेऊ नये. मला माहीत आहे. ते पैसे मागत नाही. आज कॉइलच्या बाबतीत जे चाललंय ते चुकून झालेलं नाही, एवढंच दाखवायचं आहे. कॉइल नाकारल्याची तारीख मात्र 6 मे 2025 आहे, आणि ती मुदत ताजी आहे.

आणखी एक. 8 मेला, क्लेम नाकारल्यानंतर दोन दिवसांनी, तुमच्याच कंपनीतून फोन आला : चौथ्या-पाचव्या वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी 17,500 रुपयांत, 'टोटल पीस ऑफ माइंड, सर.' तिसऱ्या वर्षातली वॉरंटी चालेना आणि पाचव्या वर्षाची विकायला निघालात. घरात ही तुमची दुसरी गाडी. पहिली अकरा वर्षं वापरली, तेव्हा वर्कशॉपचा फोरमन स्वतः बाहेर येऊन बॉनेट उघडायचा. तो भरवसा धरूनच दुसरी घेतली. चूक माझी.

हवं आहे ते साधं आहे. क्लेम योग्य पार्टच्या फोटोसह, 29 एप्रिलचं जॉबकार्ड जोडून पुन्हा दाखल करावा. कॉइलबरोबर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ओ-रिंगही नव्या बसवाव्यात, व्हॅक्यूम किमान 45 मिनिटं लावून धरावा, गॅस अंदाजाने नव्हे, वजन करून 430 ग्रॅम भरावा आणि मशिनची प्रिंट द्यावी. डॅशबोर्डच्या क्लिपा तुटतात, त्या नव्या लावाव्यात. नंतर खडखड आली तर ती माझ्या रस्त्यांची नसेल. या गळतीपायी दोनदा गॅस भरल्याचे 4,700 रुपये परत करावेत. आणि तरीही नाकारायचंच असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर, एरिया इंजिनीअरच्या सहीने, कारणासह नाकारावं. दगडाचा उल्लेख जरूर करावा. फोनवर नको, एसएमएस नको. लेखी.

15 दिवसांत यापैकी काही झालं नाही तर आधी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच दावा लावता येतो, तेव्हा मुख्य कार्यालयाच्या शहराचा मुद्दा नको. 9,30,000 च्या गाडीला दाव्याची फी 200 रुपये आहे. तुमच्या प्रत्येक सर्व्हिसला न विचारता लावल्या जाणाऱ्या 'एसी डिसइन्फेक्शन'पेक्षा स्वस्त. आयोग वस्तू तपासणीला लॅबमध्ये पाठवू शकतो. तिथे कूलिंग कॉइल कंडेन्सरपासून वेगळी ओळखता येणारी माणसं असतात.

गाडी 22 मेला सकाळी साडेनऊला वर्कशॉपमध्ये आणतोय. अपॉइंटमेंट घेतली आहे. डॅशबोर्ड उघडताना मी समोर उभा राहणार. आत दगड सापडला तर 31,460 रुपये जागेवर भरतो. दगड मात्र मला द्यावा.

आपला,
वाहनमालक

सोबत : 18 मार्च, 22 एप्रिल व 29 एप्रिलची जॉबकार्ड, 20,000 किमी सर्व्हिसचं बिल, एस्टिमेट, आरसी व फॉर्म 22 च्या प्रती