धरण उशाला, कोरड घशाला

महोदय,

अपघाताबाबतच्या नव्या कायद्याविरुद्धचा टँकरचालकांचा संप २ जानेवारी २०२४ च्या रात्री मिटल्याचे वाचले, पण आमच्या पंपावर आज सकाळीही दोरी बांधलेली होती. गंमत म्हणजे मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून कितीतरी जिल्ह्यांना इंधन जाते आणि आम्ही डेपोच्या शेजारचे लोक रिकाम्या टाक्या घेऊन उभे!

मी मोटारसायकलला दोन किटल्या लावून दुधाचे रतीब घालतो. परवा रांग थेट रस्त्यावर आली होती. लोक गाडी आडवी करून टाकीतला तळ बघत होते. पुढचा एक जण कारची टाकी फुल्ल करून वर दोन कॅनही भरून गेला. तेच पेट्रोल संध्याकाळी चौकात पाण्याच्या बाटलीतून दोनशे रुपयांना विकले जात होते. म्हशीला संप कळत नाही. उरलेले दूध मंडळीने आटवून खवा केला, पण रतिबाची गिऱ्हाइके खवा घेत नाहीत.

चालकांवर माझा राग नाही. जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळाल्यास नव्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद, हे ऐकून कोणीही धास्तावेल. जमाव जमल्यावर थांबायचे तरी कसे? आधी त्यांच्याशी बोलायला काय हरकत होती? पण कॅन भरून देणाऱ्या पंपचालकाला तहसीलदारांनी जाब विचारायलाच हवा. शिवाय साठा किती आहे, हे फळ्यावर खडूने लिहिले तरी आमची निम्मी रांग वाचेल.

– एक दूधवाला, ता. नांदगाव, जि. नाशिक