उपचाराचं कार्ड बंद झाल्यावरही येत राहिलेल्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

कुष्ठरोग्यांच्या दारोदार फिरण्याच्या नोकरीतून तुम्ही सेवानिवृत्त झालात हे आरोग्य केंद्रात कळलं. निरोप समारंभाला यायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आमच्या भागात कुणीही वाचलं तरी ओळखेल.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याची सरकारी नोंद झाली. दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले, एवढाच त्याचा अर्थ होता. गावात मात्र 'तो रोग गेला' इतकंच पोचलं. त्यामुळे पुढे काही वर्षांनी आईच्या दंडावर फिकट चट्टा उठला, तेव्हा गजकर्णाचं मलम लावण्यात बराच काळ गेला. चट्टा खाजत नव्हता, दुखत नव्हता. तीच खरी खूण होती, पण न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात कोण जातं? करंगळी आणि शेजारचं बोट आत वाकायला लागलं, आणि मग आम्हाला कळायच्या आधी गावाला कळलं. भाताच्या रोवणीच्या बायकांनी आईला हाक मारणं सोडलं. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. माझ्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, त्या घरून आलेला निरोप मी इथं लिहीत नाही.

अशात तुम्ही आलात. आईला डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकानं हळूच स्पर्श करत गेलात आणि 'कुठं लागलं, बोट ठेवून दाखवा' म्हणालात. दंडावर, पाठीवर तिला काहीच कळत नव्हतं. पाठीवरचे चट्टे तर आम्हालाही ठाऊक नव्हते. कोपरामागची नस तुम्ही चाचपून पाहिलीत, ती जाड झाली होती. मग घरातल्या प्रत्येकाला तपासलंत, शेजारच्यांनाही बोलावलंत. सगळं ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आणि शेवटी चहा मागितलात. आईनं मला खूण केली, तर तुम्ही म्हणालात, "बाई, चहा तुमच्या हातचा पाहिजे." तो चहा तुम्ही सगळ्या आळीदेखत, सावकाश प्यायलात. औषध सुरू झालं की संसर्ग थांबतो, हे तुम्ही नंतर कितीदा तरी समजावून सांगितलंत. लोकांना ते पटलं त्या कपामुळे.

उपचार १२ महिन्यांचा, फुकट. महिन्याचा डोस तुमच्यासमोर, बाकीच्या गोळ्या रोज घरी. लघवी लाल होईल, कातडी काळवंडेल, घाबरू नका, गोळ्या संपल्यावर रंग हळूहळू परत येईल, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. तिचा चेहरा काळा पडला तेव्हा 'रोग वाढला' अशी कुजबुज झालीच. पण आईनं एकही गोळी चुकवली नाही, कारण तुमचा शब्द तिच्याजवळ होता.

बाबांचं काय सांगू? कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत होतं. आईचं दुखणं त्याआधीचं. आमच्याच नात्यातल्या काहींनी तो कायदा बाबांच्या कानावर घातला होता. काहीजण म्हणत, आनंदवनात नेऊन सोडा. बाबा आमट्यांचं आनंदवन आमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला. घरांनी टाकलेली माणसं तिथं शेती करत, कारागिरी करत मानानं उभी राहिली, त्याचा अभिमान आम्हाला लहानपणापासून. तुम्ही बाबांना बांधावर बसवून एवढंच म्हणालात की, आनंदवन ज्यांचं घर तुटलं त्यांच्यासाठी आहे, हिचं घर शाबूत आहे, ते तुम्ही कशाला तोडता? बाबा त्या संध्याकाळी घरी आले आणि आईच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसले. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

गोळ्या संपल्या, कार्ड बंद झालं. सरकारी हिशेबात आई बरी झाली आणि तुमचं काम संपलं. तरीही तुम्ही येत राहिलात. हाताच्या शस्त्रक्रियेसाठी तिला सोबत घेऊन गेलात, नंतर बोटांचे व्यायाम करवून घेतलेत. बोटं सरळ झाली. संवेदना परत येणार नाही, हेही तुम्ही न लपवता सांगितलंत, आणि ते बरं केलंत. कारण त्यामुळेच आई आज चुलीवरचं पातेलं उतरवताना आधी जाड फडकं घेते. रोज रात्री दिव्याजवळ बसून हात उलटसुलट करून बघते. भाजलंय का, कापलंय का, फोड आलाय का. मग साध्या पाण्यात हात भिजत ठेवते, ओलसर असतानाच तेल लावते. माझा मुलगाही आता 'आजी, हात बघू' म्हणून जवळ बसतो.

तुमच्यासारखी दारोदार फिरणारी माणसं गावोगाव हवीत, असं मला मनापासून वाटतं. गोळ्या आरोग्य केंद्रातही मिळतात. पण सासरी-माहेरी, शेतात, पंगतीत माणसाची जागा परत मिळवून द्यायला कुणीतरी त्याच्या ओसरीवर येऊन बसावं लागतं.

आता बातमी. ज्या काकू रोवणीच्या टोळीच्या पुढारी होत्या, त्या मागच्या महिन्यात स्वतः सुनेला घेऊन आईकडे आल्या. सुनेच्या पाठीवर चट्टा. आईनं तिला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक टेकवलं, अगदी तुमच्यासारखं. दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्यासोबत आरोग्य केंद्रात गेली. एकच चट्टा होता, नस ठीक होती. ६ महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्यात. सून रोज घरातलीच कामं करते आहे, स्वयंपाकही तीच करते. काकूंनी आईला यंदाच्या रोवणीचं बोलावणं दिलंय.

आई म्हणते, भाऊंना सांग, रोवणी आटोपली की जेवायलाच या. नुसत्या चहावर सोडणार नाही.

तुमची कृतज्ञ,
आईची थोरली