अण्णांची सीट आणि मागचे स्पीकर

पुणे,
जुलै

प्रिय दिग्या,

अण्णांनी गाडीत गाणं बंद करायला सांगितलं. अण्णांनी! ताम्हिणी उतरत होतो आणि तोच अभंग लावला होता, ज्याचा दुसरा अंतरा सुरू झाला की ते आपल्याला श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ द्यायचे नाहीत. मागून आवाज आला, "बंद कर रे, नुसता गोंगाट आहे." मी बंद केलं. माणगाव येईपर्यंत कोणी बोललं नाही. घरात हे सांगितलं तर "वय झालं आता त्यांचं" एवढंच ऐकायला मिळतं. तुला लिहितोय, कारण ऐकायचं कसं हे त्या माणसाने शिकवलं तेव्हा सतरंजीवर माझ्या शेजारी तू होतास.

माझी तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गोळी चालू.

आधी कानांचं सांगतो. त्यांची तपासणी झाली आहे. खालचे आवाज बरे ऐकू येतात, २००० हर्ट्झच्या पुढे आलेख घसरत जातो. म्हणजे 'आ', 'ओ' पोचतात. 'स', 'श', 'त' वाटेत गळतात. सूर येतो, शब्द येत नाहीत. कानातलं यंत्र घेतलंय, पण गाडीत बसले की काढून खिशात ठेवतात. रस्त्याची घरघर त्यातून मोठी होते म्हणतात, आणि ते खरंच आहे. एवढ्यावर मी मनाची समजूत घातली असती. पण परत आल्यावर गाडी पार्किंगमध्ये उभी करून तोच अभंग लावला आणि अण्णांच्या जागेवर, मागे डावीकडे, जाऊन बसलो. दिग्या, मलाही शब्द लागेनात! माझे कान शाबूत आहेत. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: त्यांचं ऐकणं गेलं त्यात कान किती आणि गाडी किती?

म्हणून मग एकेक तपासत गेलो. रेकॉर्डिंग जुनं, मोनो. त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही, कारण दोन्ही बाजूंना आवाज एकच. गवई समोरच्या काचेच्या मधोमध बसायला हवा, हलला की कुठेतरी बिघाड आहे. फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारं बटण) पूर्ण मागे नेला, बॅलन्स (डावं-उजवं वाटणारं) मध्यावर, तर पखवाजाची धूम गायब. बॅलन्स टोकाला उजवीकडे नेला, आली. डावीकडे नेला, आली. मध्यावर आणला की पुन्हा गेली. तू इथे ओळखलंच असशील. डाव्या मागच्या स्पीकरच्या तारा दुकानात उलट जोडल्या होत्या. ॲम्प्लिफायरकडच्या टोकाला तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल टेकवला, तर उजव्याचा पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. एक पडदा ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, मग खर्ज उरणार कसा? आणि अण्णा नेमके त्याच स्पीकरजवळ बसतात. मला इतका राग आला की त्या रात्री जेवण गेलं नाही.

तारा सरळ केल्या. मागच्या चॅनेलला एचपीएफ, म्हणजे खालचे आवाज अडवणारी चाळणी, लावून १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. दाराचा पत्रा थडथडायचा तो थांबला. तरीही शब्द पुरते लागेनात. कारण साधं आहे. मागच्या दारातला स्पीकर असतो नडगीच्या उंचीवर, आणि त्याच्यापुढे अण्णांचे पाय, काठी, शिवाय ती खाकी पिशवी, जी ते डिकीत ठेवू देत नाहीत. खर्ज वळसा घालून येतो, बारीक आवाज सरळ जातात आणि पिशवीत अडतात. ज्या माणसाला नेमके बारीक आवाज कमी पडतात त्याच्यासाठी फेडर मागे सरकवला की वाढतो फक्त गडगडाट. त्यालाच ते गोंगाट म्हणाले, आणि बरोबर म्हणाले.

आता आपलं भांडण. आंबोलीत गाडी थांबवून भांडलो होतो, आठवतं ना? तू म्हणालास, "गवई कधी श्रोत्यांच्या मागे बसतो का? मागचे स्पीकर काढून टाक, गाडी हलकी होईल." मी म्हणालो, "पण वाहवा तर मागूनच येते." बंड्या आपल्याला तिथेच सोडून गाडी घेऊन चहाला निघून गेला. आणि हे बोलणाऱ्या माणसाच्या मारुती ८०० मध्ये मागच्या फळीवर सहा बाय नऊ इंची स्पीकरचे दोन तवे होते, ज्यांनी नंबर प्लेटसुद्धा ठेका धरायची!

त्या भांडणात तू दर वाक्याला तो हास काढायचास, गटिंगेनचा, आवाजावर प्रबंध लिहिणारा. आज मी त्यालाच घेऊन तुझ्याकडे येतोय. कानाला आधी पोचतो त्या आवाजाच्या दिशेनेच गाणं येतंय असं वाटतं. मागाहून ५ ते ३० मिलिसेकंदांत तोच आवाज दुसरीकडून आला, अगदी १० डेसिबलने मोठा असला, तरी तो वेगळा म्हणून कळत नाही, पहिल्यात मिसळून जातो. १९४९ चा प्रबंध ना? आता टेप घेऊन मोजलेलं ऐक. अण्णांच्या कानापासून पुढचा डावा स्पीकर १५० सेंटिमीटर, मागचा डावा ७०. आवाज मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो असं धरलं तर मागचा सव्वादोन मिलिसेकंदांहून जरा जास्तच आधी पोचतो. म्हणजे त्यांना गाणं दारातून, मांडीजवळून ऐकू येतं, शब्द नसलेलं. पण मागच्या दोन्ही स्पीकरना १२ मिलिसेकंद उशीर दिला तर? पुढचा आवाज आधी पोचेल, मागचा साधारण दहा मिलिसेकंदांनी त्याला बळ द्यायला येईल. गवई समोर बसेल आणि अण्णांच्या वाट्याचा आवाजही वाढवता येईल. चालकाच्या सीटवरही गाणं मागे ओढलं जाणार नाही. तुझं आणि माझं, दोघांचंही म्हणणं यात बसतं. आंबोलीत हे सुचायला हवं होतं, चहा तरी वेळेवर मिळाला असता.

याच्या जोडीला मागच्या दारांच्या वरच्या कोपऱ्यात, काचेलगत, छोटे ट्वीटर, म्हणजे फक्त बारीक आवाजांचे स्पीकर, बसवायचे म्हणतोय. पिशवीच्या वर, कानाच्या रोखाने.

अडतंय ते इथे. ज्यांचे कान असे झालेत त्यांना उशिरा आलेला आवाज मदत करतो की शब्द आणखी पुसट करतो? घुमणाऱ्या सभागृहात अण्णांना काही कळत नाही, हे मी पाहिलंय. १२ ऐवजी ६ ठेवावेत? ट्वीटर किती चढवायचे? त्यांच्या शेजारी सुमा बसते, तिला ते टोचतील. आणि उभ्या गाडीत जुळवलेलं रस्त्यावर टिकत नाही, ताशी ऐंशीला टायरची घरघर खालचं सगळं झाकते. गाड्या जुळवणारे सगळे चालकाच्या सीटवर बसून जुळवतात. मला ती सीट नकोच आहे. गाडी माझी असली तरी ऐकणारा मागे बसतो.

मुक्ताचा निकाल कळला, शाब्बास म्हणावं तिला. वहिनींचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं ते कळव, नागपूर नको रे.

तू ये. गणपतीला हर्णैला जायचंय, त्याच्या आधी ये. तुझा डीएसपी, ती आवाज जुळवायची पेटी, आणि तो मापायचा माइक आण. पण खरं काम माइकचं नाही. मी विचारलं तर अण्णा "छान आहे" म्हणतील, मला वाईट वाटू नये म्हणून. तुला ते कधीच खोटं सांगत नाहीत. तुझ्या तानपुऱ्याबद्दल काय म्हणाले होते ते तू अजून विसरलेला नाहीस. तू मागे त्यांच्या शेजारी बस, मी मुळशीपर्यंत गाडी चालवतो. सुमाला पुढे घेतो. एकेक सेटिंग लावत जाऊ आणि तू त्यांना फक्त विचार, कोणता शब्द ऐकला. ऐकलेला शब्द त्यांनी म्हणून दाखवायचा. चुकला तर मी थांबून बदलेन. दिवस गेला तरी चालेल.

ट्वीटर मी आणून ठेवतो. तुझ्या डीएसपीची वायर मात्र आठवणीने घे, ती इथे मिळत नाही. तिकीट काढलंस की फोन कर, स्टेशनवर येतो.

तुझा,
मन्या