शिशाला चिंच चालत नाही

शहापूर, बेळगाव
१४ डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. रागावू नकोस. हात शिशाने भरलेले होते, आणि त्या हातांनी हल्ली मी फोन काय, चहाचा कपसुद्धा धरत नाही.

कॅम्पात एका जुन्या बंगल्याचं काम धरलंय. जिन्यावर तीन उंच खिडक्या आहेत. लाल, निळ्या, पिवळ्या काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत अडकवलेले, आपण शाळेतून येताना कंपाउंडबाहेर उभं राहून बघायचो तसले. मी आपला स्लायडिंग आणि शोकेसवाला. पण मालकीण काकू म्हणाल्या, ''काचच आहे की, लखलखीत करून दे,'' आणि मी मान डोलावून मोकळा झालो.

आता माझा शहाणपणा ऐक. आपल्या आया पितळ चिंचेनं घासायच्या ना, तेच डोक्यात. आंबट लावलं की धातू उजळतो! पहिल्या खिडकीच्या खालच्या भागाला व्हिनेगर चोळलं. संध्याकाळी पट्ट्या चकाकल्या, काकू खूश. चार दिवसांनी गेलो तर त्याच पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसली. बुरशी कसली, आंबटानं शिसंच खाल्लं होतं. वरच्या भागाला मी हात लावला नव्हता, तो तसाच राखाडी, शांत. म्हणजे ज्याला मी मळ समजत होतो ते शिशाचं पांघरूणच होतं रे. हवेनं तो थर धरतो आणि आतलं शिसं टिकतं. खरवडून चकाकी आणली तरी काही दिवसांत ते पुन्हा मंद होतंच.

बरं, ती पांढरी पूड विषारी. कोरडी घासली की नाकात जाते, म्हणून सँडपेपर बंद. ओल्या फडक्यानं टिपायची, फडकं वेगळं ठेवायचं, हातमोजे घालायचे, घरी आल्यावर आधी अंघोळ. धाकटी धावत येते तेव्हा तिला दारातच थांबवावं लागतं, ते जीवावर येतं.

काकूंना जाऊन खरं सांगितलं. वाटलं आता काम जातंय. त्या जरा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ''चिंच लावली असतीस तर निदान सासूबाईंच्या नावावर खपलं असतं.'' त्या भागाची मजुरी मी घेणार नाही म्हटलं, त्यांनीही आग्रह केला नाही!

मग खरं काम सुरू झालं. काच नखानं हळूच वाजवून बघायची. घट्ट असली तर आवाज दबका येतो, कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, झडलेली असली तर खुळखुळते. पश्चिमेच्या खिडकीतले निम्मे तुकडे खुळखुळत होते. आपल्याकडचा आडवा पाऊस, दुसरं काय होणार. मधोमध दाब द्यायचा नाही, सगळी जाळी फुगते. दुसऱ्या हाताचा पंजा मागून टेकवूनच पुसायचं. आतून आडवे लोखंडी गज आहेत आणि शिशाला डाखलेल्या तांब्याच्या तारांनी जाळी त्यांना बांधलीय. दोन तारा तुटल्या होत्या, त्या आधी नीट केल्या.

काचेला साधं पाणी, मऊ कापड, कोपऱ्यात कानात घालायची कापसाची काडी. एवढंच. लाल तुकड्यांशी तर फारच जपून. ती काच आरपार लाल नाहीच! साध्या काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा आहे. एका टवक्यात पांढरं दिसलं तेव्हा कळलं.

लांबी घरीच केली, खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. पट्टीच्या कडेखाली ब्रशनं कोंबायची, वरून कोरडी भुकटी टाकायची, ती जादा तेल पिते. मग ब्रश मारत राहायचं, खांदा भरून येईस्तोवर. आणि गंमत बघ, तेव्हाच पट्टी काळी होते आणि मंद झळकते, चुलीवरच्या जुन्या लोखंडी तव्यासारखी. मला हवी होती ती चमक अशी निघाली, आणि तीही काळी.

काकूंना दाखवलं. म्हणाल्या, ''केलंयस काय, ते दिसत नाही.'' पण दुपारी जिन्याच्या पायऱ्यांवर निळा उजेड पडला तेव्हा पाय बाजूला घेऊन बसल्या.

आता तुझं काम. मधल्या खिडकीत एक निळा तुकडा तडकलाय. जुन्या बाजारात तू बुधवारी-रविवारी भटकतोसच, जुन्या दारांच्या काचा दिसल्या तर बघ. साधारण तळहाताएवढी हवी, आत बुडबुडे असलेली, नवी गुळगुळीत नको. नमुन्याची चीप पाकिटात ठेवलीय. कागदात गुंडाळलीय तरी उघडताना बोट सांभाळ.

तुझाच,
काचवाला