पंचवटीतल्या मेडिकलच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आईसाठी कोलेस्टेरॉलवर मागितलेला कॅप्सूलचा डबा तुम्ही आम्हाला दिला नाहीत, त्याबद्दल हे पत्र. दुकानात गर्दी होती, मागे माणसं कागद घेऊन उभी होती, डबा समोरच्या फळीवर होता आणि पैसे माझ्या हातात होते. तरी तुम्ही आधी विचारलंत, "आईंना अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आमच्या घरात हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता.

आईचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८ आलं होतं. डॉक्टरांनी ते कमी करणारी अॅटॉर्व्हास्टॅटिनची गोळी लिहून दिली, पण "एकदा सुरू केली की जन्मभर चिकटते" या भीतीने आई ती घ्यायला तयार नव्हती. त्याच आठवड्यात नातेवाइकांनी 'नैसर्गिक' औषधांची यादी पाठवली. त्यात सगळ्यात वर रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल होत्या. तुम्ही डब्यावरचं बारीक अक्षर वाचून आम्हाला सांगितलंत की बुरशीने आंबवून लाल केलेल्या या तांदळात मोनाकोलिन के असतं, म्हणजे लोव्हास्टॅटिन नावाच्या गोळीतलंच द्रव्य. डॉक्टरांची गोळी आणि वर ही कॅप्सूल, म्हणजे एकाच जातीची दोन औषधं. स्नायू दुखण्याचा आणि यकृतावर ताण येण्याचा धोका वाढणार. शिवाय कॅप्सूलमध्ये ते द्रव्य किती आहे याचा भरवसा नाही. फिश ऑइलबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात: ते ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, कमी करतं, एलडीएलसाठी त्याचा उपयोग नाही.

मग कशाचा उपयोग होऊ शकतो ते दाखवायला तुम्ही पाण्याच्या ग्लासात चमचाभर इसबगोल टाकलंत आणि बाकीच्यांची औषधं काढायला गेलात. परत आलात तेव्हा ग्लासात दाट बुळबुळीत गोळा झाला होता. आईने तो चमच्याने हलवून पाहिला. मग तुम्ही समजावलंत: यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली आम्लं, तयार करतं, ती आतड्यात जाऊन चरबी पचवायला मदत करतात आणि बहुतेक सगळी शोषली जाऊन परत यकृतात येतात. हा चिकट गोळा त्यातली काही धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग नवीन पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. आई शाळेत विज्ञान शिकवायची. तिला 'घ्या, चांगलं असतं' एवढ्यावर पटत नाही, हे तुम्हाला कसं कळलं देव जाणे.

तुम्ही इसबगोलाचीही वाजवीपेक्षा जास्त तारीफ केली नाहीत, हे मला सर्वात मोलाचं वाटतं. दिवसाला साधारण १० ग्रॅम, म्हणजे त्यातला पाण्यात विरघळणारा चोथा (फायबर) ७ ग्रॅमच्या आसपास, नेमाने घेतला तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं. गोळीने ३० टक्के आणि त्याहूनही जास्त. "चोथा हा गोळीचा जोडीदार आहे, गोळीच्या जागी नाही," असं तुम्ही म्हणालात आणि आईने तिथेच गोळ्यांची स्ट्रिप घेतली. मी घरी महिनाभर समजावून जे झालं नव्हतं ते झालं.

आईला थायरॉइडची गोळी आहे, हे तुमच्या त्या पहिल्या प्रश्नातूनच निघालं. ती सकाळी उपाशीपोटी, आणि इसबगोल तिच्यापासून किमान चार तास लांब, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून आमच्याकडे इसबगोल संध्याकाळी चहाच्या वेळी असतं. मोठा ग्लास भरून पाणी, कोरडं कधीच तोंडात टाकायचं नाही, घशात अडकू शकतं. सुरुवात एका चमच्याने केली. तरी पहिले काही दिवस पोट फुगलं, मग बसलं.

जेवणाचंही तुम्ही आमच्या घरातलंच सांगितलंत. पेठ-सुरगाण्याकडची नागली पोटाला उत्तम, बाजरीही उत्तम, पण कोलेस्टेरॉलसाठी विरघळणारा चोथा हवा आणि तो जवात, ओट्समध्ये, कडधान्यांत, पेरू-संत्र्यात जास्त. आता ज्वारीच्या पिठात जवाचं पीठ मिसळून भाकरी होते. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून पेरू येतात आणि चवळी-मटकीची उसळ रोज कुठल्या ना कुठल्या जेवणात असते. मिसळ बंद करावी लागेल म्हणून आई धास्तावली होती. मटकी भरपूर घ्या, तर्री आणि शेव आवरा, एवढंच तुम्ही म्हणालात. नाशिककराला मिसळ सोडायला सांगणारा सल्ला दोन रविवारसुद्धा टिकत नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासणी करायला लावली. एलडीएल ९८. यातलं बहुतेक श्रेय गोळीचं आहे हे तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे चोथ्याचं कौतुक मी जपूनच करते. पण आई गोळी घेते आहे, न चुकता घेते आहे, आणि का घेते आहे हे शेजारणींना सांगते आहे. हे तुमच्यामुळे झालं.

तो डबा तुम्ही विकला असतात तर आम्ही आनंदाने घेऊन गेलो असतो आणि तुम्हाला कुणी बोल लावला नसता. कमाई बाजूला ठेवून, उभ्या गर्दीत, अनोळखी बाईच्या शंका ऐकून घेणारं माणूस काउंटरच्या पलीकडे होतं, याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आणखी एक काम आहे. माझ्या मावशीला रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे आणि कुणीतरी तिला कोलेस्टेरॉलसाठी लसणाच्या कॅप्सूल सांगितल्या आहेत. तुमच्या त्या प्रश्नामुळे मी तिला थांबवलं आहे आणि डॉक्टरांना विचारायला सांगितलं आहे. शनिवारी तिचे सगळे कागद घेऊन तिला तुमच्याकडे आणते. गर्दी असली तर आम्ही थांबू.

तुमची,
विज्ञानाच्या बाईंची मुलगी